शंभर वर्षं टिकणारा माऊथ ऑर्गन

तीर्थस्वरूप मामांना,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? आई बरी आहे. मीही बरी आहे, म्हणजे वेळेवर जेवते आणि वेळेवर कामाला जाते. मनःस्थितीचं पुढे येईलच.

तुम्ही दर फोनवर विचारता, की डिस्क आता कोण वापरतं. दवाखाने, न्यायालयं, संग्रहालयं. ज्यांना एकदाच लिहून कपाटात ठेवायचं असतं ते सगळे. त्यांच्यासाठी आम्ही शंभर वर्षं टिकणारी डिस्क तयार करतो आहोत. एक लेझर तिच्या आतल्या पातळ थरावर बारीक खुणा उमटवतो आणि दुसरा, सौम्य लेझर त्या वाचतो. हा थर मी बनवला आहे (तसा तो संस्थेचा, फसला तर माझा). शंभर वर्षं थांबून बघणं शक्य नसतं, म्हणून डिस्क गरम, दमट कपाटात काही महिने ठेवायची, बाहेर काढून तिच्यावर मुद्दाम चरे पाडायचे आणि मग वाचून बघायची. चरे पडले तरी बिघडत नाही, कारण माहिती अशी विखरून लिहिलेली असते की एका चऱ्याने प्रत्येक तुकड्यातलं थोडंसंच जातं आणि उरलेल्यावरून गेलेलं नेमकं काढता येतं. (तुमचं अर्धं वाक्य ऐकून मामी पुढचं अर्धं सांगतात, तसंच. फक्त यंत्र उसासा सोडत नाही.)

आता मुद्द्याचं. परीक्षा समितीला ऐकवण्यासाठी डिस्कवर काहीतरी संगीत हवं होतं आणि विकत मिळणाऱ्या गाण्यांचे हक्क दुसऱ्यांचे असतात. मागे सुट्टीत मी तुमचा माऊथ ऑर्गन ध्वनिमुद्रित केला होता आणि कुठे उपयोग झाला तर बघ, असं तुम्हीच म्हणाला होतात. उपयोग झाला.

परवा डिस्क कपाटातून निघाली. चरे पाडले, डिस्क लावली. आमच्या साहेबांनी डोळे मिटून घेतले, मग एक उघडला.

"सूर हलतोय," ते म्हणाले.

मी सांगितलं, की अशी डिस्क बिघडली तर टकटक येते, खरखर येते, मधेच आवाज जातो. सूर वर-खाली होत नाही. साहेबांनी ते ऐकून घेतलं, म्हणजे मी बोलत असताना ते गप्प होते. मग म्हणाले, मधलं भोक मध्यावर नसणार. ते मापलं, मध्यावर होतं. मग डिस्क फिरवणारी मोटर बदलली. मग ती बदललेली मोटर बदलली, आणि मोटर विभागाच्या प्रमुखांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की आता पुष्कळ फरक वाटतो. फरक शून्य होता. तो त्यांना वाटत होता, कारण मोटर त्यांची होती. मग आमचं टेबल रस्त्यावरच्या गाड्यांमुळे हादरतं असं ठरलं, आणि तीन पदवीधर माणसं टेबलावर पाण्याचा पेला ठेवून त्याच्याकडे बघत बसली.

शेवटी, ध्वनिमुद्रणाच्या अखेरीस मामींचा आवाज आहे, तो मी ऐकवला: "आता पुरे, शेजारचे दाराशी आलेत." स्वच्छ, खणखणीत. त्याच डिस्कवर, त्याच मोटरवर. साहेबांनी विचार केला आणि अहवालात लिहिलं, की दोष निवडक स्वरूपाचा आहे.

मी डिस्कवरची एकेक खूण मूळ प्रतीशी ताडून पाहिली. एकही फरक नव्हता. मला वाटलं, संपलं. साहेबांनी मूळ प्रत लावायला सांगितली. तीही हलत होती. आणि ती मूळ प्रत होती माझ्याच थराच्या पहिल्यावहिल्या डिस्कवर, फक्त तिथेच. झालं. म्हणजे ती कपाटात न जाताच सडली, म्हणजे थर मुळातच कुचकामी. नवी चाचणी करायला पुन्हा काही महिने लागतील आणि समिती गुरुवारी बसते आहे. तिने साहेबांचं मानलं, तर थर बाद आणि माझी बदली माहितीपुस्तिका लिहिण्याच्या विभागात.

आणखी एक शक्यता उरते. ती मी अजून मांडलेली नाही. घरातल्या माणसांविषयी कामाच्या ठिकाणी बोलणं मला आवडत नाही. तुमच्या वादनाची वाट स्वतंत्र आहे आणि ती पुष्कळदा सुरांच्या बरीच जवळून जाते, एवढं आम्ही सगळे पूर्वीपासून जाणतो. साहेबांना ते कसं सुचावं? कुणी मनापासून, न थांबता, इतका वेळ असं वाजवत राहील, हे त्यांच्या कल्पनेपलीकडचं आहे.

गुडघ्याला शेक घेत जा. मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. : गुरुवारी समितीपुढे खरी मूळ प्रत ठेवावी लागेल. ती फक्त तुमच्याकडे आहे, म्हणजे तुम्हीच आहात. सकाळी गाडी पाठवते. तेच गाणं, तोच माऊथ ऑर्गन. गुडघा दुखत असेल तर खुर्चीची सोय आहे.

ता. क. २ : तुम्ही माऊथ ऑर्गनची शिकवणी लावल्याचं आई सांगत होती. आनंद वाटला. गुरुवारपर्यंत कृपा करून जाऊ नका. नंतर जरूर जा. मात्र चाचणी मान्य झाली तर हे ध्वनिमुद्रण शंभर वर्षं जसंच्या तसं राहील आणि त्यात सुधारणा करता येणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

ता. क. ३ : मामींनाही आणा. त्यांना आधी काही समजावून सांगू नका. फक्त समितीच्या शेजारी बसवा आणि वाजवायला सुरुवात करा.