गाडीत तेवढं बसायला सांगू नका

४ फेब्रुवारी

आला एकदाचा फोन! स्मारकाच्या व्यवस्थापकाचा. साहेबांचं स्मारक बांधून झालं, अठराला उद्घाटन. यांनी व्यासपीठावर जाऊन माफी मागायची आणि साहेबांच्या मुलीने — ताईसाहेबांनी — सगळ्यांसमोर माफ करायचं. टीव्हीवर दाखवणार म्हणे.

फोन ठेवला आणि शिलाई मशीनवर डोकं टेकून रडले. वीस वर्षं! गाडी वळणावर उलटली, दोघंही बाहेर फेकले गेले. पंतप्रधान गेले, ड्रायव्हर वाचला. वाचला हाच गुन्हा. हे तुरुंगात जाऊन आले, तरी लोकांचं समाधान नाही.

यांना सांगितलं. म्हणाले, "बरं." नुसतं बरं!

५ फेब्रुवारी

लेक म्हणते, "आई, बाबांना कशाला पिडतेस?" कशाला म्हणजे? तुझ्यासाठीच ना गं! मुलाकडचे अडून बसलेत. त्याची आई परवा तोंडावर म्हणाली, "साहेबांना मारणाऱ्याची मुलगी घरात आणायची म्हणजे..." एकदा ताईसाहेबांनी माफ करू दे, मग बघते तिच्याकडे.

८ फेब्रुवारी

यांना नवी पँट आणली. नेहमीसारखी खालून वीतभर कापली. तयार कपड्यांत यांच्या मापाचं काही मिळेल तर शपथ! "माझ्याच नशिबी बुटबैंगण," म्हटलं, तर चक्क हसले. किती दिवसांनी.

मग माझीच जीभ वळवळली — "त्या वळणावर जरा हळू चालवली असती तर..." हसू गेलं. उठून बाहेर गेले.

माझं काय चुकलं? इतक्या वर्षांत 'चुकलो' म्हणून एकदा तरी म्हणालेत का मला!

११ फेब्रुवारी

व्यवस्थापक घरी आला. भिंतीवर लावायला यांचा फोटो हवाय — त्याच गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून. गाडी स्मारकात ठेवलीय. "जशी सापडली तशी आहे हो. आरसा हलवला नाही, सीट हलवली नाही. काचेवरची धूळसुद्धा पुसलेली नाही!" केवढं कौतुक स्वतःचं.

हे एकदम म्हणाले, "माफी मागतो. हात जोडतो, गुडघे टेकतो, म्हणाल ते करतो. गाडीत तेवढं बसायला सांगू नका."

व्यवस्थापक उठता उठता म्हणाला, "मग कार्यक्रमाचंही अवघड आहे."

१२ फेब्रुवारी

कडाक्याचं भांडण. कुणीच जेवलं नाही.

१३ फेब्रुवारी

शेवटी म्हटलं, "मुलीसाठीसुद्धा नाही?" मग म्हणाले, "सांग त्यांना. बसतो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण फोन केला मी. केलाच.

१७ फेब्रुवारी



स्मारकात शिरताच काचेच्या कपाटात साहेबांचे कपडे — कोट, पँट. शिवणकाम करणारीची नजर, आधी मापच बघते. केवढे लांब पाय! सहा फुटांच्या वरचाच माणूस.

गाडी मधोमध, भोवती दोर. ताईसाहेब बाजूला उभ्या. हे गाडीत बसले, अगदी सीटच्या कडेवर. फोटोग्राफर म्हणाला, "असं काय अवघडून? नेहमी बसायचात तसं मागे टेकून बसा." हे टेकले.

उघड्या दारातून मला यांचे पाय दिसले. मी कापलेली पँट, मी पुसलेले बूट. बूट लोंबत होते. ब्रेक राहिला पार पुढे! पोचतच नव्हते.

यांनी झटकन पुढे सरकून पाय टेकवले. माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली — बोलू नकोस.

फोटो झाला. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. ताईसाहेब तर भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत होत्या.

घरी आल्यावर दार लावून विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"साहेबांना हौस फार. मी शेजारी होतो." मग बूट काढता काढता — "जाताना माझा हात धरला त्यांनी. म्हणाले, लोकांना कळू देऊ नकोस. मी हो म्हटलं."

आणि मी? मी वीस वर्षं यांना हळू चालवायला शिकवत होते! देवा रे.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्या बाबा माफी कशाची मागणार?" हे म्हणाले, "तुझं लग्न होऊ दे आधी."

१८ फेब्रुवारी

सभागृहात यांचं नाव पुकारलं. हे उठले. मी यांचा हात धरला आणि खाली बसवलं. पुन्हा पुकारलं. लेकीने दुसरा हात धरला. सगळे माना वळवून आमच्याकडे बघायला लागले. मुलाची आईसुद्धा.

बघू देत!