प्रोग्रामातला भाचा

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार (खोली अरुंद आहे, म्हणून अर्धा बसल्याबसल्या, उरलेला समक्ष).

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा राग कसा आहे? माझी प्रकृती उत्तम, फक्त नोकरी जायची वेळ आली आहे. आमच्या हापिसाची दारं कार्ड दाखवलं की उघडतात, तो प्रोग्राम माझा. तो दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून (पोटाचा प्रश्न आहे, मामा!) मी त्यातल्या प्रत्येक कामाला घरच्या माणसांची नावं दिली होती. कडी काढायची ती 'मामा'नं, लावायची ती 'मामी'नं, आणि आलेला माणूस कोण, कुठला, कशाला आला ही चौकशी 'आत्या'कडे. नवी हुशार पोरं आत्यापर्यंत वाचायची आणि हात जोडून परत जायची. इतकी वर्षं माझी खुर्ची आपल्या खटल्याच्या जिवावर टिकली.

मग साहेबांनी ते एआय आणलं आणि आज सकाळी सगळ्यांसमोर माझा प्रोग्राम त्याच्या पुढ्यात टाकला. मेल्यानं चुटकीसरशी सगळं घर उलगडून दाखवलं. मामा कष्टाळू, मामी कडक, आत्या संशयी (हे त्याला सांगितलं कुणी?). वर म्हणालं, 'भाचा' काहीच करत नाही, नुसता दोन क्षण उभा राहतो, काढून टाकावा. सगळं हापिस खो-खो हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेबांनी तिथल्या तिथे भाचा काढायला लावला आणि मला एकट्याला बैठकीच्या खोलीत नेलं. गोड बोलून म्हणाले, "तुमच्याबद्दल विचार करावा लागेल, उद्या सांगतो." उठले, दाराला कार्ड लावलं, आणि दार उघडेना!

अहो, भाचा उगाच उभा नव्हता हो. मामांनी कडी काढली की माणूस बाहेर पडेपर्यंत मामींना थोपवून धरायचं, एवढंच त्याचं काम (लहानपणी तुमच्या घरी मी दुसरं काय करत होतो?). आता मामा कडी काढतात न काढतात तोच मामी लावतात. खट-खट, खट-खट. फोन बाहेर टोपलीत, कारण बैठकीत फोन नको हा साहेबांचाच नियम. उपाय एका ओळीचा आहे, भाचा परत घाला. पण तो सांगितला की माझी गरज संपली, म्हणून तोंडाला कुलूप लावून बसलोय. हे पत्र म्हणजे दार उघडायची कृती आहे असं साहेबांना वाटतंय. मधूनमधून "सावकाश लिहा हं, पाणी हवंय का?" म्हणतात. इतक्या मायेनं ते आजवर बोलले नव्हते.

तुम्ही तुमच्या कुलूप-किल्लीच्या दुकानात "ये, स्टूल रिकामं आहे" म्हणाला होतात, तेव्हा आईनं नाक मुरडलं होतं. तुम्ही म्हणालात, "कॉम्प्युटर बंद पडला तर माणूस घरी जातो, कुलूप बंद पडलं तर माझ्याकडे येतो." आज फार पटलं.

मामींना नमस्कार (प्रोग्रामातलं त्यांना काही सांगू नका).

तुमचा,
भाचा

ता. क. : पत्र दाराच्या फटीतून शिपायाला देतोय. पेटी घेऊन त्याच्याबरोबर तडक या.

ता. क. दुसरा : आल्याआल्या उघडू नका. जरा झटापट करा, कपाळाला हात लावा आणि साहेबांना ऐकू जाईल असं म्हणा, "हे भाच्याशिवाय व्हायचं नाही."

ता. क. तिसरा : पत्र सरकवणार तोच दार उघडलं. बाहेर शिपायानं त्या एआयलाच विचारलं, दार का अडलंय? ते म्हणालं, माझीच चूक, भाचा हवाच होता, परत घालतो. (चूकसुद्धा किती झटकन कबूल करतं! इथे आमचा जीव जातो.) साहेब त्याचेच आभार मानत निघून गेले, मागे वळूनही पाहिलं नाही. प्रोग्रामातल्या भाच्याची नोकरी पक्की झाली, माझं उद्या कळेल. तेव्हा पेटी आणू नका. ते स्टूल मात्र कुणाला देऊ नका.