मागची भिंत

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचा बोटीवर. फळीवरून चढताना हत्यारांची पेटी पाण्यात जाता जाता वाचली आणि वरून तिघेही मनापासून हसले. चला, माणसं हसरी आहेत. मला वाटलं होतं आठवडाभर तोंडं पाडून बसलेल्यांत दिवस काढावे लागणार.

तिघंच जण. कप्तान, त्यांची बायको आणि इंजिन सांभाळणारे काका. कप्तान पन्नाशीचे, बोलतात कमी पण आवाज मऊ. वहिनींनी आल्या आल्या चहा हातात दिला आणि माझ्या खोलीत धुतलेली चादर घातली. खोली कसली, कपाटच ते. पाय लांब केले की दार उघडतं. पण खिडकी आहे, लिहायला फळी आहे. मजा आहे.

काम सोपं वाटतंय. मासे ठेवायची शीतखोली आहे, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. पूर्वी कडक गार व्हायची म्हणे, आता मशीन दिवसभर धापा टाकतं आणि आत नुसता गारठा. कप्तान म्हणाले की शनिवारी परत किनाऱ्याला लागू, तोपर्यंत मला हाडं गोठवणारी थंडी पाहिजे. मी म्हटलं, देतो की.

४, मंगळवार

आज हात काळे केले. दाराचं रबर चिरलेलं होतं, बदललं. आतल्या कॉइलवर बर्फाचा एवढा थर की खरवडून काढताना बोटं सुन्न झाली. समुद्राचं पाणी खेचून मशीन थंड ठेवणारी नळी शिंपल्यांनी गच्च भरली होती; गळा आवळलेल्या माणसाने पळावं तसं बिचारं चालत होतं. ती साफ केली, गॅस थोडा कमी होता तो भरला. काकांनी मदत केली. काका कामाला वाघ, पण शीतखोलीत पाय टाकत नाहीत. संधिवात आहे म्हणाले.

एवढं करून संध्याकाळी पारा किती उतरला? दहापर्यंत. खोली रिकामी, दार बंद, मशीन ठणठणीत, आणि दहा. नाकच कापलं माझं.

माझे उस्ताद सांगायचे, फ्रीज गारवा तयार करत नाही, आतली ऊब उपसून बाहेर टाकतो. गार होत नसेल तर मशीनला शिव्या देऊ नका, ऊब कुठून येते ते शोधा. उद्या शोधतो.

५, बुधवार

सापडली. चारही भिंतींना तळहात लावून पाहिला. तीन गार. मागची, बोटीच्या टोकाकडची, कोमट. सगळी नाही, खालच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मांजर उठून गेल्यावर गादीला ऊब राहते तशी.

इंजिन तर दुसऱ्या टोकाला आहे. कप्तानांना विचारलं, भिंतीमागे काय. ते म्हणाले, निमुळती पोकळी आहे, आमिषाचे मासे ठेवतो. मी म्हटलं, मासे कुजत असतील, कुजताना ऊब सुटते. फळ्या काढून साफ करू. फळ्यांना हात लावायचा नाही, असं ते अगदी शांतपणे म्हणाले. उलट मला एक भोक पाडून पाइप बसवायला सांगितला, छोटा पंखा लावून शीतखोलीतली हवा पलीकडे सोडायची. थंडी खरं तर तिकडेच हवी आहे, म्हणाले.

गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. पण आमिषासाठी एवढा आटापिटा कोण करतं?

वहिनी दोन वेळा ताट झाकून कप्तानांच्या केबिनमध्ये नेतात. कप्तान तर आमच्याबरोबर जेवतात.

६, गुरुवार

सकाळी भोक पाडलं. ड्रिल पलीकडे गेलं आणि वास आला. माशांचा नाही. कितीतरी दिवस न बदललेल्या अंथरुणाचा.

पाइप बसवला, पंखा लावला. थंड वारा पलीकडे जाऊ लागला आणि मला खोकला ऐकू आला.

वर येऊन काकांना सांगितलं. काका म्हणाले, जुनी बोट खोकतेच. माझ्याकडे न बघता म्हणाले. मग म्हणाले, काम आटोप, शनिवारी उतर आणि या बोटीचं नाव विसर.

जेवल्यावर पुन्हा खाली गेलो. पंखा बंद केला. पाइपातून दोन बोटं बाहेर आली होती. काळसर, सुजलेली. मी हात लावला तर त्यांनी माझं बोट धरलं. घट्ट नाही. लहान मूल धरतं तसं.

मागे वहिनी उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. पदराला हात पुसत त्यांनी सगळं सांगितलं, कुणाच्या लग्नाची हकिगत सांगावी तसं. आत कप्तानांचा धाकटा भाऊ आहे. मागच्या वर्षी वादळात लाटेनं दोघं समुद्रात पडले, तो आणि यांचा एकुलता एक मुलगा. हवा भरलेली ट्यूब एकच. मुलगा तिला धरायला आला तेव्हा या धाकट्या भावानं त्याच्या बोटांवर लाथ मारली. दोनदा. वहिनींनी डेकवरून पाहिलं.

तेव्हापासून तो तिथे आहे. कप्तानांच्या केबिनमधल्या झडपेतून त्या दोन्ही वेळा ताट सोडतात. उपाशी ठेवलं तर मरेल ना, म्हणाल्या. पण मशीन बिघडलं आणि तो आत सुखानं घोरायला लागला, ते काही त्यांना बघवेना.

“पाणी किती गार होतं ते त्याला कळायला हवं, मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हुशार आहात. मरू देऊ नका, फक्त कुडकुडला पाहिजे. तेवढं जमवा.”

मग विचारलं, चहा आत्ता टाकू का.

७, शुक्रवार, सकाळ

झोप नाही. कप्तानांना म्हटलं, मी यात नाही. ते म्हणाले, भोक कुणाच्या हातचं आहे?

चहूकडे पाणी. वायरलेसची तार काढलेली. काकांना पकडलं, हात जोडले. ते म्हणाले, मुलाला पोहायला मीच शिकवलं होतं. बस, एवढंच.

७, दुपार

वहिनी वर कपडे वाळत घालत होत्या. पाइपाशी गेलो. हळूच सांगितलं, फळ्या उचकटतो, बाहेर काढतो.

तो नको म्हणाला. आवाज असा, जणू तोंडात बर्फ आहे. पाय गेले म्हणाला, गुडघ्याखाली काही लागत नाही. बाहेर काढून दादा परत आतच टाकणार. मग म्हणाला, लाथ मारली ते खरं आहे. मुद्दाम नाही मारली असं वर्षभर स्वतःला सांगून पाहिलं—

मग म्हणाला, मिस्त्री, अजून गार करता येतं का? एकदम. दादाला कळायच्या आत.

मी विचारलं, किती.

असं कसं विचारलं मी? गिऱ्हाइकाला विचारावं तसं—

७, संध्याकाळ

केलं. काटा शेवटपर्यंत फिरवला, पंखा पूर्ण सोडला. भिंतीला तळहात लावून बसलो. तो काहीतरी गुणगुणत होता. नंतर दात वाजत होते. नंतर तेही नाही.

थांबवता आलं असतं. बटण हाताशी होतं.

८, शनिवार

पारा उणे अठरा. इतकं सुंदर मशीन मी आजवर चालवलेलं नाही. मागची भिंत इतर तिन्हींसारखी गार. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सकाळचं ताट तसंच वर आलं. कप्तान शीतखोलीत गेले. भिंतीला हात लावला, बराच वेळ. बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते. भाऊ म्हणून की—

किनारा दिसत होता. बोट वळली. किनारा मागे पडला.

८, नंतर

दाराला बाहेरून कडी. खिडकीतून हात जातो, खांदा नाही.

खाली फळ्या उचकटताहेत. काकांचाच हातोडा, ठोका ओळखतो मी. काहीतरी ओढत वर आणलं. जड. मग पाण्यात आवाज—

पुन्हा ठोकणं. पाइप काढत नाहीत. पंखा चालूच.

वहिनी दाराशी आल्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “त्याची शिक्षा संपली नव्हती, मिस्त्री. उरलेली कुणी भोगायची?”

सांगितलं, माझी ताई वाट बघते. म्हणाल्या, मीही वर्षभर बघते आहे—

कप्तानांची पावलं. काका पण. स्वेटर काढून ठेवा म्हणताहेत, तिथे नको.

वहिनी विचारताहेत, जेवण आत्ता वाढू की आत गेल्यावर. कडी निघाली. मी म्हटलं आत्ता, आत्ताच वाढा, इथे, उजेडात, मी हळू हळू जे