बाबा, तुमची चाल मी हसण्यावारी नेली

प्रिय बाबा,

आज दुपारी स्टुडिओतून फोन आला. कार्टून सिनेमाचा दुसरा भाग काढतायत. "राक्षस तसाच ठेव हं, ती लंगडी चाल तर हवीच," म्हणाले. मी 'हो' म्हणून गेले. फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलेय. तुमच्याशी बोलायला दुसरी वाट तरी कुठे ठेवलीय मी?

आठवतं ना, पालीच्या घरी मोबाईल घेऊन आले होते? "बाबा, राक्षस चालून दाखवा. मला तो सिनेमात हलवायचाय." तीस वर्षं तुम्ही शिमग्यातल्या नमनाच्या खेळात राक्षसाचं सोंग काढलंत. तुम्ही समोर आलात की पुढे बसलेली पोरं आयांच्या पदराआड लपायची. मीसुद्धा! आपलेच बाबा आहेत हे ठाऊक असूनही.

त्या दिवशी तुमचा उजवा गुडघा सुजला होता. आई म्हणाली, "आज नको गो, त्यांना उभं राहवत नाही." तुम्ही तिलाच गप्प केलंत. "पोरीचं काम हाय," म्हणालात आणि घरापुढच्या खळ्यात सात वेळा चाललात. सात वेळा, बाबा! दर वेळी मीच म्हणत होते, "अजून एकदा."

दिग्दर्शकाला तुमचा आवेश नको होता, ते मान वळवून रोखून बघणंही नको. "पाय ओढतोय ते मजेदार आहे. तेच वाढव," म्हणाले. ते सोंग नाही, दुखणं आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण पहिलंच मोठं काम होतं. पुढचे चार महिने तुमचं दुखणं जास्तीत जास्त हास्यास्पद करत राहिले.

सिनेमा रत्नागिरीला लागला, तेव्हा तुम्ही नमनाचं अख्खं मंडळ घेऊन आलात. कडक इस्त्रीचा सदरा घालून! राक्षस पडद्यावर आला आणि थिएटरभर हशा पिकला. तुमचे मृदंगवाले भिकूकाका हसता हसता थांबले. तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही मात्र पडद्यावरून नजर काढली नाहीत.

बाहेर आल्यावर एवढंच म्हणालात, "पोरं हसली ना? बरं झालं गो बाय."

का नाही रागावलात? पालीपर्यंत एसटीत खिडकीकडे तोंड करून का बसलात?

त्या शिमग्याला तुम्ही सोंग काढलं नाहीत. लोकांना सांगितलंत, गुडघा साथ देत नाही. पावसाळा संपायच्या आत तुम्ही गेलात. तोवर मी दर रविवारी फोन करत होते, आणि दर वेळी आंब्यांचं, पावसाचं, आईच्या खोकल्याचं बोलून ठेवत होते.

परवा माझी लेक शेजारच्या मुलांना पाय ओढून दाखवत होती. सगळी हसत होती. हे तुझ्या आजोबांचं दुखणं आहे, असं तिला कसं सांगू?

उद्या स्टुडिओला नकार कळवते. त्याने काय होणार? ती चाल त्यांच्या संगणकात आहे, दुसरं कुणीतरी ती हलवेल.

पण एक वचन देते. येत्या शिमग्याला पालीला येईन. भिकूकाकांसमोर, सगळ्या मंडळासमोर उभी राहून सांगेन, की बाबांनी सोंग गुडघ्यामुळे सोडलं नाही. माझ्यामुळे सोडलं.

तुमचीच,
वैशाली