कलाबाईंचा जबाब

इंदिरानगर, नाशिक
११ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आईंना,
उज्वलाचा नमस्कार.

मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत, शेवंतीच्या तोडणीत तुम्हाला जेवायलाही फुरसत नसणार. गुडघ्याला तेल लावता ना? इकडे आम्ही ठीक. ह्यांची सेकंड शिफ्ट आहे. मी कामावरून येते तेव्हा हे गेलेले असतात, हे येतात तेव्हा मी झोपलेली असते. निदान ह्यांना तसं वाटतं.

पत्र बघून दचकू नका. फोन केला की तुम्ही "रानात हाये, नंतर बोलू" म्हणता, आणि ते नंतर दीड महिना उगवलेलं नाही. हे तुमचं तुम्हीच वाचा. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

तो विम्याचा माणूस आधार कार्डावरच्या पत्त्यामुळे मळ्यात आला. सुनेची मूल होण्यासाठीची ट्रीटमेंट कधीपासून चालू आहे, असं त्यानं विचारलं. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि सांगितलंत, "तिला लग्नाआधीपासूनच दोष हाये. आमच्या पोराचं काय नाय." त्यानं ते लिहून घेतलं, खाली 'कलाबाई' अशी तुमची सही घेतली. लग्नाआधीचं दुखणं ह्यांच्या कंपनीच्या विम्यात बसत नाही, म्हणून क्लेम नामंजूर झाला. त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला फार वाईट बोलले. माझं चुकलं.

तुम्ही सांगितलंत ते माझेच शब्द होते. लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा हार गुंफता गुंफता तुम्ही मला विचारलं होतंत. मी म्हणाले, "माझंच आहे आई, आधीपासूनचं." तुम्ही सुई खाली ठेवलीत आणि माझ्या पाठीवरून हात फिरवलात. नंतर तुमच्या लेकीच्या, वेदिकाच्या ओटीभरणाला मात्र मला आत पुऱ्या तळायला बसवलंत. मी शंभराच्या वर पुऱ्या तळल्या. बाहेर गाणी चालली होती. मला त्याचा राग आला होता आई, अजून आहे. पण कुणाला सांगणार? खोटं तर मीच बोलले होते.

माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. पहिल्यापासून चांगले आहेत.

हे लिहून मी पेन ठेवलं होतं. चहा करून आले, तरी खोडावंसं वाटलं नाही. ह्यांचा रिपोर्ट आला त्या दिवशी तुमचा अमोल दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीवर बसल्या बसल्या रडला. "आईला कळू देऊ नकोस," एवढंच म्हणाला. मी हो म्हटलं. तेव्हापासून तो माझ्याबरोबर दवाखान्यात आत येत नाही, गेटवर सोडून जातो. इंजेक्शनं घ्यायला मी एकटी. बाकी बायकांबरोबर कुणी ना कुणी असतं. नर्स विचारते, सोबत कोण आलंय? मी म्हणते, गाडी लावतायत.

आता दोनच रस्ते आहेत. एक, ह्यांचा रिपोर्ट क्लेमला जोडायचा. तो कंपनीच्या ऑफिसातून जातो, चार लोक बघतील, म्हणून हे तयार नाहीत. दुसरा, तुम्ही लिहून द्यायचं, की सुनेनं सांगितलं तेच मी बोलले, मला स्वतःला तेव्हा काही माहीत नव्हतं. अर्ज सोबत ठेवलाय. वीस तारखेच्या आत तो पोचला तर फेरविचार होईल. आमचे दोन गर्भ दवाखान्यात गोठवून ठेवलेले आहेत. विम्याशिवाय पुढचा खर्च आम्हाला झेपत नाही.

नुसता अर्ज पाठवून सही मागता आली असती. दोनदा तसं पत्र लिहिलं आणि फाडलं. आणखी एक खोटं तुमच्या सहीनं नको होतं.

ह्यांना काही बोलू नका. आले की नेहमीसारखं जेवू घाला.

शेवटच्या गुरुवारची फुलं घेऊन तुम्ही बुधवारी गणेशवाडीच्या बाजारात याल. मी सकाळी सहाला तिथे उभी असेन. सही झाली असेल तर अर्ज आणा. नसेल तर तशाच या. फक्त मागच्या खेपेसारखं मला बघून टोपलीत मान घालू नका. त्या दिवशी मी क्लेमचं बोलायला आले नव्हते. मला तुमच्याजवळ जरा बसायचं होतं.

तुमच्या घरात दोष घेऊन न आलेली,
तुमची सून
उज्वला