शकुच्या वाटणीचे आभाळ

मी, सुगंधा सहदेव परब, वय एकोणसत्तर, राहणार कांदिवली पूर्व, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. जीभही आहे, असे घरचे सांगतील. बायपासची तारीख ठरली, म्हणून आजच लिहून ठेवते.

१. तिसऱ्या मजल्यावरचा राहता ब्लॉक माझ्या नावे आहे. माझे पती सहदेव यांनी हयातभर तिथे राहावे. त्यानंतर तो मुलगी दीप्ती व मुलगा सर्वेश यांना निम्मा-निम्मा.

२. पाटल्या दीप्तीला. शिलाई मशीन सूनबाई रुचिराला. तिला सुईत दोरा ओवता येत नाही, पण शिकेल.

३. ह्यांची मामेबहीण शकु, राहणार घाटकोपर. मामाची मुलगी म्हणून हिचे ह्यांच्याशी लग्न जवळपास ठरले होते. मध्ये मी आले. ते तिने आजवर बोलून दाखवले नाही, याचाच मला जास्त राग आहे. काचबिंदूने ह्यांची दृष्टी गेली, तेव्हा ह्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगितले, "माका आता आभाळाची गाणी धाडा." मी शोधून शोधून पन्नासएक लावली. ती ह्यांनी एकेकदा ऐकली. शकु स्वतः म्हणून पाठवते, ते दिवसातून दहादा. मेट्रो झाल्यापासून तर बाई दर शनिवारी समक्ष हजर! "शके, परत म्हण गो," असे हे म्हणतात. मला सत्तेचाळीस वर्षांत कोणी 'परत म्हण' म्हटलेले नाही. मी जळते. लिहून देते. सबब, गाण्यांचा स्पीकर शकुला देऊ नये.

४. हे कलम ह्यांना वाचून दाखवू नये. रोज दिवेलागणीला मी ह्यांना गॅलरीत बसवून आभाळाचा रंग सांगते. पण समोर टॉवर उभा राहिला आहे. ठोकाठोक ऐकून ह्यांनी विचारले, तेव्हा मी मेट्रोचे काम सांगितले. आता गॅलरीतून फक्त लोकांची बाथरूमे दिसतात. मी केशरी सांगते, जांभळे सांगते, कंटाळा आला की ढग घालते.

पहिल्याच शनिवारी शकुने टॉवरकडे बघितले, मग माझ्याकडे. ह्यांनी विचारले, "शके, कसां आसा गो आभाळ?"

"वयनीन सांगल्यान तसांच," ती म्हणाली. त्यानंतर कोणापाशी ब्र काढला नाही.

दीप्तीला खोटे बोलता येत नाही, सर्वेशला वेळ नाही. म्हणून माझ्यामागे दिवेलागणी शकुच्या नावे करते. तिने रोज यावे. माझ्या खुर्चीत बसू नये, स्टूल आहे. रंग आधी सांगावा, गाणे मागाहून. वर्षभराचे रंग मी वहीत लिहून ठेवले आहेत; त्यातलेच सांगावेत, पदरचे घालू नयेत.

५. ऑपरेशनमधून मी परत आले तर कलम चार रद्द. शकुने शनिवारीच यावे.

६. वहीचे पहिले पान कोरे सोडले आहे. ते मी जाईन त्या संध्याकाळचे. त्या दिवशी ह्यांना कुठला रंग सोसवेल, ते मला सुचले नाही. शकुला सुचेल. तेवढे एक आभाळ तिचे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला व सही केली.

सुगंधा स. परब
कांदिवली, ११ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार, ज्यांनी माझ्यासमोर सही केली:
१. अंबादास तुळसकर, शेजारी
२. डॉ. निहार सामंत