ओटीतली मूठ

१४ जून, शुक्रवार
पोचले एकदाची हिर्डोशीला! शौनक फोनवर सारखा बजावत होता, पाचवा महिना आहे, एसटीनं जाऊ नकोस, शनिवारपर्यंत थांब, मी पुण्याहून येतो. मी कसली ऐकतेय. भोरच्या स्टँडवर पाय ठेवला तर गाडी समोर उभी आणि खिडकी रिकामी. माझं हे असंच असतं, नवऱ्याला अजून सवय झालेली नाही.

सोमवारपासून इथल्या शाळेत शिकवायचं. खोली सगुणाबाईंच्या घरात मिळाली आहे, पडवीला लागून. घरात त्या, त्यांचा मुलगा अमृत, टेम्पो चालवतो, आणि सून शिवानी. शिवानीनं नाचणीची गरम भाकरी वाढली आणि मी तीन खाल्ल्या, लाज सोडून. ती मला बाई म्हणते. म्हटलं, अगं, ताई म्हण. तर पदरात तोंड घालून हसली.

१६ जून, रविवार
दुपारी जेवताना मी माझी जुनी गोष्ट सांगितली. सात वर्षांची असताना वरंधा घाटात मला मळमळलं म्हणून एकटी जीपमधून उतरले, आणि मागं ब्रेक सुटून जीप दरीत. मामा गेला, मी राहिले. ही गोष्ट मी नेहमी जरा फुशारकीनंच सांगते. मामाचं नाव आलं की मात्र आवाज बारीक होतो.

सगुणाबाईंचा घास हातातच राहिला. दोनदा विचारून घेतलं, खरंच का. मग म्हणाल्या, लई बळकट नशीब हाय तुमचं. जेवणं झाल्यावर हळूच सांगितलं, शिवानीलाही चौथा लागलाय. आधीची दोन राहिली नाहीत, म्हणून कुणाला कळू दिलेलं नाही.

२१ जून, शुक्रवार
सगुणाबाईंनी माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. आमच्याकडे ओटी घेणारीनं स्वतः चार दाणे ताटात परत टाकायचे असतात. इथली रीत निराळी. त्यांनीच माझ्या पदरातून मूठ भरून घेतली आणि मूठ तशीच धरून विचारलं, दिलं? मी म्हटलं, दिलं हो, भरभरून दिलं!

त्या मुठीची पेज शिवानीला दिली. दर शुक्रवारी भरणार म्हणाल्या. माझी आई जाऊन चार वर्षं झाली, त्यानंतर असं कुणी केलं नव्हतं. डोळे भरून आले माझे.

५ जुलै, शुक्रवार
काय चाललंय कळत नाही. या आठवड्यात भोरला जाणारी एसटी दोनदा डोळ्यांदेखत गेली. मोबाईल ओढ्यात पडला, आता शिवानीचा वापरते. शाळेच्या पायरीवर घसरले, थोडक्यात वाचले. शौनक म्हणाला, आता कळेल आम्ही बाकीचे कसे जगतो ते.

शिवानीच्या उलट्या थांबल्या. गाल भरलेत, छान दिसते. आज तिसरी ओटी झाली.

१९ जुलै, शुक्रवार
भोरला तपासणी. शिवानीही सोबत होती. तिचं सगळं उत्तम. माझं बाळाभोवतीचं पाणी कमी झालंय, बाळाचं वजन मागं पडलंय. डॉक्टरांनी दोनदा बघितलं आणि आवाज मऊ केला. आवाज मऊ केला म्हणजे काय ते मला कळतं.

येताना उभ्यानं आले. शिवानीला जागा मिळाली. ती उठत होती, मीच दटावून बसवलं. घाट चढेपर्यंत रडत होते.

घरी ताट तयारच होतं. सवयीनं म्हटलं, दिलं.

२३ जुलै
शाळेत खिचडी करणाऱ्या साळूबाईंनी आज मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, बाई, तिथं ओटी घेऊ नका. तुमच्या आधी त्याच खोलीत प्रेरणाबाई राहायच्या. त्यांचीही ओटी सगुणाबाई भरायच्या. गेल्या वर्षी अमृतचा टेम्पो भाटघर धरणाच्या पाण्यात गेला आणि तो खरचटल्याशिवाय वर आला. त्याच दिवशी, त्याच सुमाराला, प्रेरणाबाईंचा नवरा कापूरहोळला मोटरसायकलवरून पडून गेला.

मी हसले. म्हटलं, काहीतरीच काय! पण खिचडी तशीच टाकून उठले.

२६ जुलै, शुक्रवार
ओटी नको म्हटलं. वाटलं, चिडतील. तर त्या म्हातारीनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं. दोन पुरल्यात म्या ह्या हातांनी, बाई, तिसरं न्हाई व्हायचं माझ्याच्यानं. तुमच्याकडं लई होतं, त्यातलं थोडं घेतलं. इचारून घेतलं, तुमीच दिलं म्हनाला.

मी विचारलं, आणि माझं बाळ? त्यांनी माझे पाय आणखी घट्ट धरले.

शिवानी दारात उभी होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं. तिच्या तोंडाकडं बघवेना.

बॅग भरली. उद्या पहिल्या गाडीनं निघते.

२७ जुलै
दरड कोसळली. रस्ता बंद. अमृत टेम्पोसह पलीकडं अडकलाय. शौनक पायी यायला निघालाय. माझ्यासाठी एसटी थांबायची — माझ्यासाठी —

२८ जुलै
सकाळपासून बाळ हललेलं नाही. कुशीवर निजून पाहिलं. गूळपाणी प्यायले. पोटावर हात ठेवून बोलत बसलेय, वेडीसारखी.

नर्सबाई चिखलातून चालत आल्या. ठोके आहेत. मंद आहेत. पुण्याला न्यायला हवं म्हणाल्या. कसं नेणार?

शौनक अजून —

२९ जुलै, दुपार
शिवानी आली. पदरात तांदूळ. म्हणाली, तुमचंच हाय, घ्या. मी म्हटलं, वेडी आहेस का, तुझं काय होईल? तिनं माझा हात धरून आधी स्वतःच्या पोटावर ठेवला. आत बाळ हलत होतं. मग तोच हात तांदळात घातला.

मी हात मागं घेतला नाही. घ्यायला हवा होता.

ती रडत होती. दिलं म्हणाली.

मूठ डाव्या हातात आहे, उजव्यानं लिहितेय. भिंतीपलीकडं ती तांदूळ निवडतेय, गुणगुणतेय. फेकून द्यावी. ओढ्यात टाकावी. तेव्हा मामा जीपमध्ये बसून राहिला, मी उतरले. आताही मीच —

पोटात काहीच नाही. काहीच हलत नाही —

खाल्ली. कच्चेच तांदूळ चावले. देवा, खाल्ली मी —

हललं! लाथ मारली, दोनदा. बाळा, माझ्या बाळा —

पलीकडचं गुणगुणणं थांबलंय.

शिवानी हाका मारतेय. बाई म्हणत नाही. पहिल्यांदाच ताई म्हणतेय. ताई, लवकर या, ताई, मला —